खुणांचे पान

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे, पण गोष्टींचे नव्हे. चामोर्शीच्या भातगिरणीत तेलाचे इंजिन आले, तेव्हा त्याच्याच खोक्यात बसून मीही आलो. ते साल १९५२.

इंजिन कसे चालवायचे, बिघडले तर काय उघडायचे, हे सारे माझ्यात आकृत्यांसह छापले आहे. आकृतीत शब्द मावत नाहीत, म्हणून छापणाऱ्यांनी खुणा ठरवल्या. बाण म्हणजे फिरवण्याची दिशा. तुटक रेघ म्हणजे तेलाची वाट. लाल त्रिकोण म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या टाकीतली दाबलेली हवा आधी सोडा, मगच हात लावा. हा उलगडा माझ्या पहिल्या पानावर होता. ते पान रंगीत होते आणि मला त्याचा भारी तोरा होता.

तो तोराच नडला. पहिल्या दसऱ्याला गिरणीचे मालक भैयाजी यांनी इंजिनाला हळदकुंकू वाहिले, मलाही हार घातला. त्यांच्या पत्नी सुगंधाबाई म्हणाल्या, "इतकं साजरं पान तेलानं खराब होईन. देवापाशी ठेवू." त्यांनी ते हलक्या हाताने सोडवले, काचेत मढवले आणि घरी देवघरात टांगले. उरलेला मी गिरणीतच राहिलो.

पुढे इंजिनावर इस्तारी नावाचा कामगार आला. मासेमारी करणाऱ्या घरचा, प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकलेला. दुपारी गिरणी थांबली की कोंड्याच्या पोत्यावर बसून तो मला मोठ्याने वाची. तेवढीच मला सोबत. त्रिकोणापाशी मात्र तो अडे. "हे काय आहे, समजून नाई राह्यलं," म्हणे आणि पुढे जाई. मला ठाऊक होते, पण सांगणार कसे?

एके दिवशी इंजिन सुरू होईना. टाकीची झडप अडकली होती. इस्तारीने मला समोर उघडे ठेवले, आकृतीतला नट शोधला आणि पाना लावला. नटाशेजारी लाल त्रिकोण होता. कोंडलेल्या हवेने झाकण उडाले आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

पुस्तकातच चूक आहे, असे लोक म्हणाले. मला लोखंडी पेटीत टाकले. इस्तारीलाही तसेच वाटत असेल का, या विचाराने मी झुरत राहिलो.

पुढच्या दसऱ्याला पूजेपुरते मला भैयाजींच्या घरी नेले. संध्याकाळी इस्तारी सोने द्यायला आला. आपट्याची पाने त्याने डाव्या हाताने दिली. मग त्याची नजर देवघरात टांगलेल्या माझ्या पानावर गेली. हार बाजूला करून तो वाचू लागला, आणि त्रिकोणापाशी थांबला.

"मालक, हे पान इथी काऊन?"

"खराब होऊ नये म्हून," भैयाजी खालच्या आवाजात म्हणाले.

"चांगलं राह्यलं, मालक," इस्तारी म्हणाला आणि उजवा हात पंच्याखाली घेऊन निघून गेला.

दुसऱ्याच दिवशी भैयाजींनी पान काढून मला परत चिकटवले. इस्तारी काही पुन्हा कामावर आला नाही; आता इंजिनावर उमाजी असतो. तो खुणा पाहून काम करतो, पण मोठ्याने वाचत नाही. दुपारी गिरणी थांबली की मला फार एकटे वाटते.

मित्रांनो, आम्हाला काचेआड जपू नका. तेलाचे हात लागू द्या, कोपरे दुमडू द्या. माझे पान मळले असते, तर इस्तारी आजही कोंड्याच्या पोत्यावर बसून मला वाचत असता.