आईची तीनशे वाक्यं

माणसाची घाण बघायची असेल तर त्याला लावलेला कॉलर माइक पुसून बघावा. तेवीस वर्षं मी शूटिंगच्या आवाजाचं काम करतेय, आणि तेवीस वर्षं घरी आल्यावर आधी स्पिरिटचा बोळा घेऊन बसतेय. घामाचा चिकटा, गळ्यावरची पावडर, छातीच्या केसांसकट उपटून आलेली चिकटपट्टी, आणि कांदा खाऊन भाषण ठोकलेल्या मोठ्या साहेबांची थुंकी. शी! हे जेवणाआधी करू नये, आणि जेवणानंतर तर मुळीच करू नये.

त्यातल्या त्यात मला चीड येते ती वायरलेसच्या डब्यांची. वायर असली की निदान खरं काय ते कळतं. कुरकुर झाली तर हलवून बघायचं, तुटली असेल तर बदलायची, विषय संपला. वायरलेस बिघडला की नेमकं कुणाच्या नावानं बोटं मोडायची तेच समजत नाही. बॅटरी, शेजारचा राउटर, की मध्ये आलेलं कुणाचं तरी पोट. धावणाऱ्या खेळाडूच्या मागे वायर घेऊन पळायचं नसतं एवढी अक्कल मलाही आहे. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला वायरलेस कशाला लावायचा? दिसायला बरा, म्हणून. बाकी काही नाही.

माझा धाकटा भाऊ दिसण्याचं काम करतो, म्हणजे व्हिडिओ. आई त्याला राजा म्हणते. पंचेचाळिशीचा घोडा झाला तरी राजाच. त्याला कॅमेऱ्यात काय दिसतं एवढंच कळतं. आवाज त्याच्या लेखी फुकट मिळतो, कॅमेरा घेतला की सोबत येतो.

आईच्या स्वरयंत्रात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. आई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. अर्धं शहर तिला आवाजावरून ओळखायचं, भाजीच्या रांगेत अनोळखी माणसं वळून बघायची. हॉस्पिटलच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी तिच्या हातात एक यादी दिली. तीनशे वाक्यं. ती नीट रेकॉर्ड झाली की त्यातून आईचा आवाज तयार होणार, मग आई फोनवर टाइप करणार आणि फोन तिच्याच आवाजात बोलणार. "एकच सांगते," बाई म्हणाल्या, "रेकॉर्डिंग स्वच्छ पाहिजे. श्वाससुद्धा गाळायचा नाही. गळा सुजलाय, एकदाच बोलतील त्या, दुसऱ्यांदा जमणार नाही."

ऑपरेशन मंगळवारी होतं. रविवारी सकाळी मी माझी बॅग घेऊन आईकडे गेले, तर राजा आधीच येऊन दिवे लावून बसलेला. खिडकीत झाडाची कुंडी, आईच्या मागे पुस्तकं, आईला लिपस्टिक. मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

"ताई, नुसता आवाज कशाला? आठवण राहील. चॅनलवर पण टाकू, लोकांना धीर येतो अशा गोष्टींनी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आईच्या गळ्यात सुरी फिरणार आणि ह्याला चॅनल सुचतंय! पण मी आईच्या गाऊनला माझा वायरचा माइक लावायला घेतला. राजानं हात धरला. "वायर नको ना. सरळ छातीवरून खाली, नाल्यासारखी दिसते." आणि खिशातून डबी काढली. नवीन, काळी, काडेपेटीएवढी. हिरवा दिवा लागतो. "हिच्यात आजूबाजूचा आवाज आपोआप कटतो. पंखा, रस्ता, सगळं."

"पंखा बंद कर आणि खिडकी लाव, त्याला मशीन लागत नाही," मी म्हटलं. "आई, तू सांग ह्याला."

आई माझ्या हातातल्या वायरकडे बघत राहिली. मग म्हणाली, "राहू दे ना गं. परवापासून नळ्याच नळ्या आहेत. आज तरी काही लोंबायला नको."

झालं! राजा जिंकला. मी वायर कोपरावरून गुंडाळली, बॅगेत कोंबली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले.

आता सांगायची लाज वाटते ते सांगते. उठताना मी कॅमेऱ्याकडे बघितलं होतं. हेडफोनचं भोक रिकामं होतं. राजा काहीच ऐकत नव्हता, नुसता बघत होता. आमच्या धंद्यात ह्याच्याएवढं मोठं पाप नाही. नवशिक्यालासुद्धा पहिल्या दिवशी हेच सांगतात, कानाला लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही. माझा हेडफोन माझ्याच गळ्यात होता. दोन पावलं पुढे जाऊन खुपसायचा, एवढंच काम. मी मनात म्हटलं, पडू दे ह्याला तोंडावर, एकदा कळू दे. आणि स्वयंपाकघरात जाऊन स्पिरिटनं माइक पुसत बसले. दीड तास. भिंतीपलीकडून आईचा आवाज येत होता, खरखरीत, मध्येमध्ये धापा टाकत. "मला पाणी हवंय." "दार लावून घ्या." "आज बरं वाटतंय."

सोमवारी सकाळी आई हॉस्पिटलात भरती झाली आणि मी राजानं पाठवलेली फाइल उघडली. आजारी गळ्यातून निम्मा आवाज आणि निम्मी नुसती हवा येते. त्या डबीला ती हवा म्हणजे पंखा वाटला. तिनं आईच गाळून टाकली. "मला" ऐकू येतं, पुढे काही नाही, मग "वंय". तीनशेच्या तीनशे वाक्यं अशीच, उंदरांनी कुरतडल्यासारखी. डबीत मूळ रेकॉर्डिंग वेगळं ठेवायची सोय होती, तीही राजानं बंद ठेवलेली, का तर जागा भरते. आणि मधूनच त्याचा स्वतःचा आवाज, ठणठणीत, एकही अक्षर न चुकता: "आई, जरा हसून."



मी राजाला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. आईचा आवाज तू खाल्लास, म्हणाले. तुझ्या चॅनलच्या भुकेनं खाल्लास. तो आधी "संगीत टाकलं की कुणाला कळतंय" म्हणाला, मग रडायला लागला. त्याच्या रडण्याचीही किळस आली मला. दुपारी मामाला सांगितलं, मावशीला सांगितलं. सगळ्यांना सांगितलं, एकालाही सोडलं नाही. स्वयंपाकघराचं मात्र कुणाला बोलले नाही.

संध्याकाळी चारला वायरचा माइक घेऊन वॉर्डात गेले. आईचा गळा आदल्या दिवशीच संपला होता. नर्स म्हणाली, "दोन मिनिटं. त्यांना फार बोलायला लावू नका." मी यादी पुढे धरली, महत्त्वाची दहा वाक्यं तरी होतील म्हटलं. वायर चादरीवरून नेली, हेडफोन लावला. तिच्या छातीतली घरघर, गिळणं, ओठ सुटताना होणारा बारीक आवाज, सगळं कानात आलं. इतकं स्वच्छ मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं.

आईनं यादी बाजूला सारली. मामानं तिला सगळं सांगितलं होतं.

"राजाला बोलू नकोस," ती म्हणाली. "हौसेनं आणलं होतं त्यानं."

थांबली. श्वास घेतला.

"तू बघून गेलीस. कॅमेऱ्याकडं बघितलंस, आणि गेलीस. मी बघत होते तुला."

पुन्हा श्वास.

"असू दे."

आणि तिनं डोळे मिटले. बाहेरून कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली, तीसुद्धा नीट रेकॉर्ड झाली.

ऑपरेशन चांगलं झालं. आई घरी आली, गळ्याला भोक, हातात फोन. फोनमध्ये कंपनीनं आयती दिलेली एक बाई बोलते. लिफ्टमध्ये मजला सांगते तशी. ती म्हणते, "भात मऊ झाला आहे." आई आयुष्यात कधी "झाला आहे" म्हणाली नव्हती.

राजा यायचा बंद झाला. मामानं झापलं, मावशीनं झापलं, बायकोसुद्धा बोलत नव्हती म्हणे. आई रोज टाइप करायची आणि ती लिफ्टवाली बाई रोज मला विचारायची, "वॉर्डातलं राजाला ऐकवलंस का?" मी आज, उद्या, कामात होते, असं करत दोन महिने काढले. शेवटी एका शनिवारी कॉम्प्युटर उघडून बसले.

मधली तीन वाक्यं काढली. "आणलं होतं त्यानं" आणि "असू दे" ह्यांच्यामध्ये वॉर्डातली थोडी शांतता भरली, श्वास श्वासाला जुळवला. काम वीस मिनिटांचं. तेवीस वर्षं हेच करतेय, सांधा कुणाच्या बापाला ओळखू आला नसता. हात थरथरलासुद्धा नाही, ह्याचाच मला सगळ्यात जास्त वीट आला. आणि तरी पाठवून दिलं.

रविवारी दुपारी राजा धावत आला. चपला दारात कशाही फेकल्या आणि आईच्या पायाशी बसून हमसून हमसून रडला. मग फोन काढला. "ऐक आई, तुझा आवाज," म्हणाला आणि लावला. "राजाला बोलू नकोस. हौसेनं आणलं होतं त्यानं. असू दे."

आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानं परत लावला. आईचा हात थांबला. तिसऱ्यांदा लावल्यावर तिनं स्वतःचा फोन उचलला, एका बोटानं टाइप केलं, आणि ती बाई म्हणाली:

"मधलं कुठे गेलं?"

"मधलं काय?" राजानं विचारलं. त्यानं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. आई टाइप करत नव्हती. सांगायचं तिनं माझ्यावर सोडलं होतं.

"ट्रॉली गेली होती, आई, वॉर्डात," मी म्हटलं. "आवाज खराब आला होता तिथं, म्हणून काढला."

"बरं केलंस, ताई," राजा डोळे पुसत म्हणाला. "एकदम स्वच्छ आलाय."

आईनं फोन मांडीवर पालथा ठेवला.