न दिलेला शब्द

टोपण होतं शाईच्या पेनाचं, आणि ते बसवायचा प्रयत्न चालला होता फळ्यावर लिहायच्या जाड मार्करवर. हलक्या हातानं, चिडचिड न करता, जणू वस्तूच जरा हट्टी आहे, समजूत घातली की ऐकेल... सरोजिनीनं पाण्याच्या ग्लासकडे हात नेल्यासारखं केलं आणि वाटेत ते टोपण डीनसाहेबांच्या बोटांतून अलगद काढून पेनावर लावलं. कुणी पाहिलं नाही. फिजिओथेरपीचे यज्ञेश्वर मोबाइलमध्ये मान घालून बसले होते, बाकीचे विभागप्रमुख चहाची वाट पाहत होते. डॉक्टर गोपाळकृष्ण खांबेटे, विद्यापीठाच्या या आरोग्यविज्ञान महाविद्यालयाचे डीन, तिच्याकडे पाहून हसले आणि "थँक यू" म्हणाले. कशाबद्दल, हे त्यांना उमगलं असेल का, असं तिच्या मनात आलं, आणि नेहमीप्रमाणे तिनं तो विचार पुढे जाऊ दिला नाही.

गेलं वर्षभर हेच चाललं होतं. डीन वाक्य सुरू करायचे, मध्येच एखाद्या शब्दाशी अडखळायचे, आणि उपअधिष्ठाता म्हणून त्यांच्या उजव्या हाताला बसलेली सरोजिनी तो शब्द सहज, बोलण्याच्या ओघात, आपलंच काही म्हणणं असल्यासारखा पुढे सरकवायची. 'मान्यता.' 'परीक्षक.' एकदा नुसतं 'गुरुवार'. ते तो शब्द उचलायचे आणि वाक्य पुरं व्हायचं. लोक म्हणायचे, दोघांचं काय जमतं हो! तिलाही ते जमणं हळूहळू आवडायला लागलं होतं... ही गोष्ट मात्र ती कुणापाशी बोलली नव्हती. वाचा हाच तिचा विषय. पक्षाघातानंतर बोलणं गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करण्यात तिची हयात गेली होती. डीनसाहेबांना काय होतंय हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि त्यांनाही नव्हती बहुधा, कारण तो विषय तिला शिकवला त्यांनीच.

सकाळी मंदाकिनीबाईंचा, डीनसाहेबांच्या पत्नीचा, फोन आला होता. "आज आप्पासाहेब स्वतः बैठकीला बसणार म्हणे. जरा लक्ष ठेवा हं, सरोजिनी." एवढंच. पुढं काही बोलायचं होतं त्यांना, पण त्या बोलल्या नाहीत, आणि तिनंही विचारलं नाही.

आप्पासाहेब संस्थेचे अध्यक्ष. वाघोलीतल्या स्वतःच्या वडिलोपार्जित रानात त्यांनी हे कॉलेज उभं केलं होतं. ज्वारी काढून इमारती पेरल्या, असं ते स्वतःच हसत सांगायचे. बैठकीआधी व्हरांड्यात त्यांनी तिला गाठलं.

"म्याडम, सरांचं काय बिनसलंय?"

"काही नाही. दगदग फार झालीय त्यांना."

"दगदग." त्यांनी तो शब्द चघळल्यासारखा केला. "आमच्या थोरल्या चुलत्याला बी आधी दगदगच झाली व्हती." मग आवाज उतरवून, खरोखरीच्या मायेनं म्हणाले, "तुम्ही झाकताय ते दिसतंय मला. वाईट न्हाई म्हणत मी. पण पोरांच्या जिवाचा प्रश्न हाय, दवाखाना हाय मागं. आणि उद्या हे सगळं तुम्हालाच बघायचंय, म्हणून विचारलं."

"काही नाही, आप्पासाहेब," ती पुन्हा म्हणाली. ठाम. आपल्या आवाजाचं तिला कौतुकही वाटलं.

पण ते वाक्य तिच्याबरोबर आत आलं. तुम्हालाच बघायचंय. खुर्ची ओढताना, कागद सारखे करताना, टोपण काढून घेताना ते तिच्या शेजारी बसून होतं, एखाद्या न बोलावलेल्या पाहुण्यासारखं.

डीन बोलायला लागले. सुरुवात सुरेख झाली. नव्या पुनर्वसन विभागाबद्दल ते बोलत होते आणि आवाजाला तो जुना भारदस्तपणा होता, ज्याच्यासाठी एके काळी दुसऱ्या वर्गांची मुलं दारात येऊन उभी राहत. आप्पासाहेब मान डोलावत होते. सरोजिनीचे खांदे सैल झाले. आणि मग...

"तर पुढच्या वर्षापासून आपल्या मुलांची जी... शेवटच्या वर्षानंतर जी असते... आपल्या मुलांची..."

अंतर्वासिता. इंटर्नशिपसाठीचा तो शब्द तिच्या जिभेवर आला. अगदी टोकावर, तयार. आणि ती बोलली नाही.

का, हे तिला त्या क्षणी विचारलं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं. तिला आठवलं होतं ते: ती शिकत असताना आलेला तो पेशंट, शनिवार पेठेतले निवृत्त मास्तर, उजवी बाजू लुळी पडलेले. बायको समोर बसलेली, आणि मास्तरांना तिचं नाव घेता येत नव्हतं. म... म... असं करत त्यांचा चेहरा घामानं निथळला, तेव्हा न राहवून सरोजिनी म्हणाली होती, 'मथुराबाई'. मास्तरांनी मान खाली घातली. बाहेर आल्यावर खांबेटे सर म्हणाले, "तुम्ही त्यांच्या तोंडातला घास काढून घेतलात, बाई. शब्द द्यायचा नसतो. थांबायचं असतं. थांबणं हेच आपलं औषध." पुढच्या आठवड्यात ते थांबले होते, किती वेळ कोण जाणे, भिंतीला टेकून, घाई नसलेल्या माणसासारखे. आणि मास्तरांनी ते नाव घेतलं होतं. म्हातारी ओच्यात तोंड घालून रडली होती.

म्हणजे मी थांबले ते म्हणूनच... तिचं मन म्हणत होतं, म्हणूनच. वर्षभर घास काढून घेत होते, आज घेतला नाही. येईल त्यांना. येऊ दे.

डीन तिच्याकडे वळले होते. त्यांची नजर रागाची नव्हती, आर्जवाचीही नव्हती. जिन्याची पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं काहीतरी त्या डोळ्यांत झालं. यज्ञेश्वरांनी मोबाइल खाली ठेवला. पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला. आणि तिला स्वच्छ दिसलं, की आप्पासाहेब डीनकडे पाहतच नाहीयेत. ते तिच्याकडे पाहत होते.

अजूनही बोलता आलं असतं.

"ऱ्हाऊ द्या, सर," शेवटी आप्पासाहेब म्हणाले, फार हळुवारपणे. "दमलात तुम्ही. चहा घेऊ आधी."

चहानंतर बैठक यज्ञेश्वरांनी पुढं नेली.

दुपारी ती डीनच्या खोलीत गेली तेव्हा ते खिडकीशी उभे होते. बाहेर नगर रस्त्यावरच्या गाड्यांचा धुरकट पट्टा.

"सरोजिनीबाई, तुम्हाला येत होता ना तो शब्द?"

"हो, सर."

"मग?"

तिनं मनात तीन-चार उत्तरं धरून पाहिली. "मला वाटलं, तुम्हाला येईल."

तोंडी परीक्षेत मान हलवायचे तशी त्यांनी मान हलवली. "पद्धत अगदी बरोबर होती," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजातली खोच तिला आजवर कधी चुकली नव्हती. त्यांचं कौतुक कुठं संपतं आणि टोमणा कुठं सुरू होतो हे सबंध कॉलेजात फक्त तिला कळायचं. आज तिनं ते वाक्य उलटंसुलटं करून पाहिलं, आणि तिला कळलं नाही. विचारावं, असं वाटलं. पण ते पुन्हा खिडकीकडे वळले होते.

संध्याकाळी ड्रायव्हर संपतनं गाडी काढली. रोजच्यासारखी तीही बरोबर निघाली. सरांना कोथरूडला सोडून गाडी तिला बिबवेवाडीला नेत असे. सर वाटेत दुकानांच्या पाट्या पुटपुटत वाचत होते. फाटकाशी मंदाकिनीबाई उभ्या होत्या.

"कशी झाली बैठक?"

"उत्तम," सर म्हणाले. "आज सगळ्यांनी मला बोलू दिलं."

मंदाकिनीबाईंनी सरोजिनीकडे पाहिलं. सरोजिनीनं गाडीची काच खाली केली होती, ती तशीच राहिली. काही क्षणांनी बाई सरांचा हात धरून आत गेल्या, मागं वळून न बघता.

गाडी निघाली. आता रडू येईल, असं तिनं धरलं होतं. त्यासाठी तिनं पर्समधून रुमालही काढून ठेवला. स्वारगेटच्या गर्दीत संपत शिव्या पुटपुटत गियर बदलत राहिला, आणि ती वाट पाहत बसली, दुःखाची, निदान शरमेची. आतमध्ये शोधलं तर तिथं भलतंच काही चाललं होतं. यज्ञेश्वरांना परीक्षा विभाग द्यावा, म्हणजे ते गुंततील... पुनर्वसन विभाग तळमजल्यावर आणावा, हे सरांना कितीदा सुचवलं होतं... दवाखान्याच्या पाळ्या पहिल्यापासून बदलायला हव्यात... एकामागून एक, नीटनेटकं, चपळ, कुणाच्या परवानगीसाठी न थांबता. हे कधी सुरू झालं? आत्ता? दुपारी? की पंखा वाजत होता तेव्हाच, त्या शांततेतच? तिला आठवून बघायचं होतं, पण ते विचार बाजूला होईनात. तिनं डोळे मिटून घेतले, आणि मिटल्या डोळ्यांआड तळमजल्याच्या भिंती सरकत राहिल्या, मोकळ्या, उजेडाच्या. त्या तिला फार सुंदर वाटल्या.