पुन्हा एकदा, महाराज वगळून

दूध संस्थेच्या दारात चपलांचा ढीग. आत कॅनपेक्षा माणसं जास्त. काउंटरवरच्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलेलं, आणि त्याच्यापुढे पाटावर महाराज.

"राहू!" महाराज मशिनला कान लावून म्हणाले. "राहू हार्डडिस्कमंदी चढलाय. आतली तबकडी उलटी फिरती. ऐकू येतंय का?"

"येतंय!" गेणभाऊ ओरडले. त्यांना जवळचंही ऐकू येत नसे.

गर्दीला पटत होतं, कारण त्रास खरा होता. नवा प्रिंटर आला त्या दिवसापासून दुधाचं सॉफ्टवेअर रुतलं होतं. कुणाचंही खातं उघडायला गेलं की पडद्यावर वाळूचं घड्याळ. सकाळची रांग रस्त्यावर जाई, उन्हात दूध नासे. आणि त्या प्रिंटरला पहिलं कुंकू मी लावलं होतं. मी वैजयंती, संस्थेची ऑपरेटर. नवऱ्यानं टाकलेली, माहेरी परतलेली.

"हात कुणाचा लागला?" महाराजांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

महाराजांनी मला खुर्चीवरून उठवलं. सुदर्शनला म्हणाले, "जा, चेअरमनच्या केबिनमंदी नव्या प्रिंटरम्होरं दिवा लाव. येकट्यानं."

सुदर्शन माझा आतेभाऊ. मला कॉम्प्युटर त्यानंच शिकवला, ही नोकरी त्यानंच लावून दिली, प्रिंटरही त्यानंच बसवला. तो आत गेला. बाहेर मंत्र सुरू झाला, लांबतच गेला. मग महाराजांनी तांदूळ फेकले.

खातं उघडलं. लगेच. दुसरं उघडलं. लगेच.

चेअरमन धर्माजीकाकांचे डोळे भरले. "वैजू, उद्या चाव्या दे अन् घरी ऱ्हा. मनाला लावून घिऊ नगस, पोरी."

सुदर्शन केबिनमधून बाहेर आला. काकांना हळूच म्हणाला, "आमच्या मेव्हणीला बी कॉम्प्युटर येतो."

*

आता हाच प्रसंग पुन्हा. महाराज वगळून.

सकाळी मी चाव्या द्यायला गेले. मेव्हणी आलेली नव्हती, रांग आलेली होती. बसले.

वाळूचं घड्याळ.

(थांबा. आम्हीही थांबत होतो.)

एरवी दुपारी येणारे धर्माजीकाका चाव्यांसाठी लवकर आले. केबिन उघडली, आपला कॉम्प्युटर लावला. आणि माझ्यासमोर खातं उघडलं. दुसरंही. मंत्र नाही, तांदूळ नाही, खुर्चीवर मीच.

"काका, तुमचा कॉम्प्युटर बंद करा."

"का गं?"

"करा तर."

बंद केला. वाळूचं घड्याळ.

*

पुन्हा. या वेळी वैजयंती वगळून.

मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. खुर्चीवर कुशाबाईंना बसवलं. पाच लेकरांची आई, कपाळावर ठसठशीत कुंकू. केबिनमधलं मशिन बंदच होतं.

"काय व्हतंय, कुशाबाई?" मी बाहेरून ओरडून विचारलं.

"काय व्हणार? घड्याळ फिरतंय! आता मी बी अवदसा का रं, गेणभाऊ?"

गेणभाऊंना हे बरोबर ऐकू गेलं. ते चपला शोधू लागले.

*

कारण साधं होतं. नवा प्रिंटर केबिनमधल्या कॉम्प्युटरला जोडलेला. तिथून एक वायर माझ्या कॉम्प्युटरपर्यंत. त्याला सांगून ठेवलेलं, की हाच आपला मुख्य प्रिंटर. म्हणून दर खातं उघडताना तो प्रिंटरला कागद केवढा ते विचारी आणि उत्तराची वाट बघत बसे. केबिन बंद, तर उत्तर देणार कोण? आणि मंत्र लांबला होता तो सुदर्शननं आतलं मशिन सुरू करेपर्यंत.

सुदर्शनला बोलावलं. काका म्हणाले, "कर नीट."

त्यानं शोधलं नाही. हात थेट त्या जागी गेला. काउंटरवरचा जुना प्रिंटर मुख्य केला आणि केबिन बंद असूनही सगळं धावायला लागलं.

"पयल्या दिवसापास्नं म्हाईत व्हतं तुला," मी म्हणाले.

"तुला दुसरीकडं लावून दिलं असतं की, वैजू."

"रांगेत मला काय काय बोलत व्हते, ऐकलंस ना?"

तो माऊसची वायर सरळ करत राहिला.

चाव्या माझ्याकडेच राहिल्या. महाराजांची मला चीड नाही; ते मला ओळखत नव्हते.

तुमच्याकडेही एखादं मशिन अडेल, कुणीतरी पाट मांडून बसेल आणि हात कुणाचा लागला म्हणून विचारेल. तेव्हा एकेक गोष्ट बाजूला काढा आणि पुन्हा करून बघा. बाईला उठवायच्या आधी वायर काढून बघा.