पावतीवर बापाचं नाव

लेकीनं विमान चालवायला शिकायचं म्हणून नोकरी करून फीचे पैसे साठवले. रोख भरायला गेला मात्र गॅरेजवाला बाप, आणि छाती फुगवून पावती स्वतःच्या नावावर घेऊन आला. लोकांनी म्हणावं, बापानं शिकवलं!

आता वैमानिक झालेली लेक त्या खर्चावर करात सवलत मागायला त्याला घेऊन करसल्लागाराकडे आली.

"काका, पावती तुमच्या नावाची. हिला सवलत कशी मिळणार?"

बापाचं तोंड एवढंसं झालं. "पैसे हिचेच होते हो."

"मग नाव तुमचं कसं?"

लेकच म्हणाली, "राहू द्या साहेब. बाबांनीच शिकवलंय मला."

हे ऐकायला तो जन्मभर आसुसला होता. आज ऐकलं, तर मान वर करवेना.