भट्टीत वाळलेलं बियाणं

आमच्या ह्यांना शेतातलं काही वाया गेलेलं बघवत नाही. दाणे काढून उरलेली मक्याची कणसं मी चुलीत घालायचे, तर ह्यांनी त्यांच्यावर चालणारी भट्टीच बांधली. खाली रिकामी कणसं जळतात, पंखा गरम हवा वर ढकलतो आणि जाळीवरचा ओला मका दिवसभरात खडखडीत वाळतो. यंदा ढगाळ हवेत सगळ्यांच्या मक्याला बुरशी आली, आमच्याला नाही. तेव्हापासून ह्यांची मान जी ताठ झाली, ती खाली यायचं नाव घेईना. मलाही कौतुक होतं, खोटं कशाला बोलू?

फक्त एका टोपलीला हात लावायचा नाही, असं मी बजावलं होतं. माझ्या आईचं बियाणं होतं ते, पांढरा बुटका मका. आई गेली, भावाने माहेरचं शेत विकलं, आता तो मका माझ्याशिवाय कुणाकडेच उरला नव्हता. तो मी सावलीत, वाऱ्यावर वाळवायचे.

मी बहिणीकडे राहायला गेले आणि ह्यांनी ती टोपली भट्टीवर रिकामी केली.

"म्हटलं, तुझं काम हलकं करावं," मी परत आल्या आल्या ह्यांनी सांगितलं. एवढे खूश, की मला धड ओरडताही येईना.

दाणे दिसायला झकास. मी मूठभर ओल्या फडक्यात बांधले आणि रोज उघडून बघितले. एकालाही मोड आला नाही, नुसता कुबट वास. आचेने आतला जीव गेला होता. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, "मातीत पडल्यावर येईल की!"

मग भट्टी बघायला माणसं आली. ह्यांनी नमुना म्हणून तोच मका पुढे केला. एका म्हाताऱ्या बाईने दाणे हातात घोळवले. "लहानपणी असा मका खाल्लाय मी. पेरायला देता का थोडा?"

हे लगेच पिशवी शोधायला लागले.

"पेरू नका, आजी," मी म्हणाले. "भाजून मारलाय तो ह्यांनी."

लोक हसले. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. माणसं गेल्यावर माझ्यावर उखडले, "चारचौघांत माझी लाज काढलीस! मूठभर मक्यासाठी?"

मी रडायला लागले तसे जरा नरमले. "बरं, गप. बाजारातून दुसरं बियाणं आणून देतो. म्हणशील ते."

खरंच मिळेल असं वाटत होतं त्यांना. राग आला असता तर तो कधीतरी उतरला असता. मला त्यांचा वीट आला.