पेचकस लावून ओळखलेला टाकळा

हे खरं म्हणून कुणीच मानणार नाही, आणि मानू नयेच. पण मी टाकळा कानानं ओळखला आहे.

परवा पुतण्या परीक्षितच्या क्वार्टरमध्ये, बरखेड्याच्या कारखाना-वसाहतीत, व्हरांड्यात बसून मी शेजारच्या सुभाषरावांना हेच सांगत होतो. गेल्या पावसाळ्यात परीक्षितचं लग्न जमत आलं होतं. मुलगी मधुरा, नेहरू नगरची. अडलं होतं तिच्या आजीपाशी. चिपळूणहून आलेल्या, त्यांच्या होकाराशिवाय त्या घरात पान हलत नाही. जेवायला बोलावलं तर म्हणाल्या, "टाकळ्याची भाजी करणार असाल तर येते." भाजी चुकली की लग्न गेलं.

"बाजारातून आणायची," सुभाषराव म्हणाले.

"रानभाजी आहे ती. क्वार्टरांमागच्या माळावर ढीगभर उगवते. पण तिच्यातच तिचा चुलत भाऊ कासविंदा उगवतो. तो कडू, वर विषारी. फुलं येण्याआधी दोघं सारखेच दिसतात."

"मग ओळखायचं कसं?"

"टाकळ्याच्या पानाची टोकं गोल, कासविंद्याची अणकुचीदार. टाकळ्याला खालच्या पानांच्या जोडीत बारीक गाठ असते. कासविंद्याची गाठ पार देठाच्या बुडाशी."

"म्हणजे सोपं आहे."

"चष्मा असेल तर. माझ्यावर मीच बसलो होतो."

"चष्म्यावर."

"तेच."

"वास घ्यायचा मग! कासविंदा चुरगळला की घाण येते."

"सर्दी होती."

मी गोष्ट पुढे रेटली.

"कारखान्यात आम्ही बेअरिंग कसं तपासायचो? पेचकसाचं टोक मशीनला, मूठ कानाला. आत काय बिघडलंय ते ऐकू येतं. मी खिशातला पेचकस काढला, माळावर आडवा झालो आणि पहिल्या रोपाच्या देठाला लावला. आत रस चढत होता, अगदी नव्या टर्बाइनसारखा, एका सुरात. टाकळा! शेजारच्याला लावला. खरखर. वंगण संपलेल्या बेअरिंगसारखी. कासविंदा!"

"नरहरराव, काहीही!"

"वसाहतीचा चौकीदार धावत आला. त्याला वाटलं मला चक्कर आली. मी मूठ त्याच्या कानाला लावली. ऐकून म्हणाला, 'साहब, इसका तो बेरिंग गया।' मग तो ऐकायचा आणि मी खुडायचो. पिशवी भरली, घरी बायकोच्या, शारदाच्या हाती दिली. एक पान कासविंद्याचं नाही."

"आणि आजी?"

"पहिला घास घेतला. डोळे मिटले. माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'हाच टाकळा! असा चिपळुणातही मिळत नाही.' तिथंच सुपारी फुटली."

एवढ्यात सूनबाई मधुरा चहा घेऊन बाहेर आली. ट्रे ठेवला, पण आत गेली नाही.

"काका, डोळे कधी मिटले आजीनं?"

"तू माजघरात होतीस."

"मी तिच्या शेजारच्या पाटावर होते. आणि तुम्ही आणलात तो अख्खा कासविंदाच होता. शारदाकाकूंनी वास घेतला आणि पिशवीसकट बाहेर टाकला. मग बिट्टन मार्केटला जाऊन दुसरी भाजी आणली."

"अगं, आजींनी तोंडानं सांगितलं ना, हाच..."

"खोटं! ती एवढंच म्हणाली, 'मेथी छान झालीय, मुलगाही बरा आहे.'"