साडेचारचा नळ

“मंग? मंग आली ना तिची माय?”

हा आवाज कलावतीच्या कानात अजून तसाच होता. बारीक, जरासा नाकातला, झोपेला परतवून लावणारा. त्या आवाजाची धनीण आता पन्नाशी ओलांडून गेली होती. सरकारी कचेरीत मोठ्या टेबलामागे बसून चष्म्यावरून माणसांकडे पाहत होती. पण आवाज आठवला की कलावतीसमोर यायची ती उंबऱ्यावर बसलेली पोर, दोन वेण्यांतली एक कायम सुटलेली राधू.

आणि आज त्याच राधूनं पिच्चरची तिकिटं काढली होती. त्याच पिच्चरची.

“आजी, बुकिंग हो गई,” राधूची, म्हणजे आताच्या राधिकाची, लेक गंधाली मोबाइल नाचवत म्हणाली. “मॉल में पुरानी फिल्में फिर से लगी हैं. आप और मम्मी. अब घुटना मत दुखाना.”

“माझा गुडघा काय तुले विचारून दुखते?” कलावती म्हणाली. “अन् त्या एसीत मले थंडी भरते. पाह्यलेला पिच्चर पुन्हा कायले पाहाचा?”

“पाह्यला तू, काकू,” राधिका पोळ्या लाटता लाटता म्हणाली. “मी कुठं पाह्यला? मी तर नुसता ऐकला. तुझ्या तोंडून.”

तिथंच तर सगळं अडलं होतं. तो पिच्चर कलावतीनं पाहिला होता, पण शेवट सोडून. शेवट तिनं घरी येऊन स्वतः घडवला होता, आणि सहा वर्षांच्या पोरीच्या ओंजळीत ठेवून दिला होता.

त्या काळी रायपूरच्या रेल्वे कॉलनीत त्यांचा लहानसा पारा, म्हणजे मोहल्ला होता. आमनेसामने घरं, मधे रस्ता, रस्त्याच्या टोकाला एक नळ. बायकांना पिच्चरचं भारी वेड, पण घर सोडून सगळ्या जाणार कशा? म्हणून त्यांनी रीत पाडली होती. सगळ्यांनी मिळून एकीला पाठवायचं, आणि तिनं येऊन सगळ्यांना दाखवायचा. ती एक म्हणजे कलावती. वर्ध्याकडच्या माहेरी आईच्या जात्यापाशी तिनं ओव्या गोळा केल्या होत्या. बोलायला लागली की शब्द आपोआप ताल धरायचे. ती टॉकीजला गेली की कोणी तिचा भात रांधे, कोणी तिचं धुणं वाळत घाली.

दुपारचा खेळ होता, आणि नळ साडेचारला यायचा. घागर रांगेत नसली तर उद्यापर्यंत कोरडं. म्हणून पिच्चर ऐन रंगात आला की कलावती अंधारात पायानं चपला शोधू लागे. सदर बाजारातल्या सायकली, टांगे, गाई चुकवत ती घराकडे सुटायची, आणि मागे पडद्यावर काय झालं ते पडद्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी बायका तांदूळ निवडायला बसल्या की ती पिच्चर सांगायची, आणि शेवट जोडून द्यायची. कोणाला पत्ता लागला नाही. किती ताटातुटी तिनं मिटवल्या, किती आंधळ्या म्हाताऱ्यांना डोळे दिले, एक दरोडेखोर तर तिनं शिक्षक करून टाकला. शेजारची छत्तीसगढी दुलारिन एकदा सूप आपटून म्हणाली होती, “तोर फिलिम म कोनो मरय नइ का, दीदी?” कोणी मरतच नाही का म्हणे! कलावती म्हणाली, “माझ्या पिच्चरमधी नाही मरत. मराचं असल तर दुसऱ्या टॉकीजले जा.”

मग ते वर्ष आलं. तिची थोरली जाऊ, राधूची आई विनोदिनी, दुखणं घेऊन गाडीनं नागपूरच्या दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. राधूला कोणी काही सांगितलं नाही. “आई नागपूरले आहे, गाडीनं येते,” एवढंच सगळे म्हणत. तिच्या वडिलांना, रामकृष्णभाऊजींना, तर तेवढंही म्हणता येत नव्हतं.

त्यानंतर पहिल्यांदाच कलावती जो पिच्चर पाहायला गेली, तो असा निघाला. गावातली बाई कामासाठी शहराकडे जाते. लहान लेक रोज कंदील घेऊन स्टेशनवर जाते. कलावती पदर तोंडात धरून बसली. पोर शेवटच्या वेळी फलाटावर आली, गाडीची शिट्टी झाली, आणि नळाची वेळ झाली. ती उठली. चपला हातात घेऊन ती सगळी वाट धावली, पण पाण्यासाठी नाही. इतके पिच्चर पाहिलेल्या बाईला पुढं काय होणार ते कळत होतं, आणि ते तिला बघायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायकांच्या घोळक्यात राधू तिच्या मांडीला चिकटून बसली होती. गोष्ट फलाटावर आली, आणि पोरीनं मान वर केली. “मंग? मंग आली ना तिची माय?”

तांदळातले हात थांबले. कलावती म्हणाली, “आली ना.” आणि तिच्या तोंडून ओवी निघाली:

आली आली आगगाडी, धूर झाडाच्या शेंड्याला,
माझ्या राधूची ग माय, उभी धरून दांड्याला.

त्या दिवसापासून राधूला रोज तोच शेवट लागायचा. कलावतीनं रोज त्या मायला गाडीतून उतरवलं. कधी तिच्या हातात हिरव्या बांगड्या, कधी बोरं, कधी चिंध्यांची बाहुली. आणि रोज संध्याकाळी राधू उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे टक लावायची. तेच कलावतीला खुपायचं. मीच बसवलं हिला तिथं, ती मनात म्हणायची. माझ्या खोट्या शेवटानं बसवलं. पुढं पोर वाढली, विचारायची थांबली. कलावतीला स्वतःचं मूल झालं नाही. राधू तिच्याच हातचं खाऊन मोठी झाली, परीक्षा पास झाली, सासरी गेली, आणि कलावतीचा नवरा मारोती गेल्यावर काकूला आपल्या घरी घेऊन आली. एवढं देणाऱ्या पोरीला आपण काय दिलं? रस्त्याकडे बघणं दिलं. आता ती खरा शेवट बघणार, आणि बाजूला आपण.

एकच आशा होती. कोणी सांगावं, पडद्यावर ती खरंच येतही असेल.

रायपुरातल्याच तेलीबांध्याच्या मॉलमध्ये शिरताना दारावरच्या माणसानं पिशवी उघडायला लावली. आत डबाभर चिवडा.

“अम्मा, बाहर का खाना अलाउड नहीं है.”

“बाहर का कहाँ है भैया? घर का है.”

राधिका हसून हसून भिंतीला टेकली. त्या माणसालाही हसू आलं, पण डबा त्यानं ठेवूनच घेतला. कलावतीनं जाता जाता बजावलं, “खा लेना. नरम हो जाएगा.”

खुर्ची अशी मऊ की कलावती आत बुडाली. दिवे गेले. आणि पडद्यावर तीच बाई आली, तितकीच तरणी, कलावतीहून कितीतरी धाकटी. राखेनं कंदिलाची काच कशी पुसायची ते ती लेकीला शिकवत होती. काचेवर हाss करून तोंडची वाफ सोडायची, मग पदराचं टोक फिरवायचं. हे कलावती सांगायची विसरली होती का? नाही, सांगितलं होतं तिनं. बाजूला राधिकाचे ओठ हलताना दिसले. पडद्याच्या आधी तिला सगळं ठाऊक होतं.

आई गाडीत बसली. पावसाळे गेले. पोर मोठ्या फ्रॉकमध्ये दिसू लागली, कंदील तोच. मग ती शेवटची सांज, फलाट, लांबून शिट्टी.

कलावतीचा पाय चपला शोधू लागला. तिला स्वतःला कळलंही नाही. एक चप्पल सापडली, दुसरी पुढच्या खुर्चीखाली गेली होती, तरी ती उठून उभी राहिली. मागून कोणीतरी “बैठिए ना” म्हणालं.

पदराला ओढ बसली. राधिकानं तो मुठीत धरला होता.

“बस, काकू,” ती हळूच म्हणाली. “आज नळ नाही यायचा.”

कलावती बसली. तिच्या मनात लख्ख झालं, हिला नळाचं ठाऊक आहे. पण विचार करायला वेळ नव्हता, गाडी आली होती. डब्यांची दारं उघडली. माणसं उतरली, गाठोडी उतरली, एक नवरा उतरला, त्याच्यामागे त्याची नवरी.

“उतर ग बाई,” कलावती मोठ्यानं म्हणाली. “उतर ना!”

या वेळी मागचं कोणी काही बोललं नाही.

गाडी निघून गेली. फलाटावर पोर एकटी. तिनं कंदील खाली ठेवला, काचेवर हाss करून वाफ सोडली, फ्रॉकच्या टोकानं पुसली, आणि वात मोठी करून घराकडे चालू लागली. तेवढंच. पडदा काळा झाला.

कलावती रडली. त्या मायसाठी रडली, आणि विनोदिनीसाठीही, जिच्यासाठी तेव्हा नीट रडताच आलं नव्हतं, कारण कोणीतरी पोरीला मांडीवर घ्यायचं होतं. ते साठलेलं पाणी आज वाहून गेलं, आणि तिला फार हलकं वाटलं. इतक्या वर्षांत कोणी तिला शेवटापर्यंत बसवलं नव्हतं. बाजूला राधिका नाक शिंकरत होती. दोघींमधे एकच रुमाल, तोही गंधालीचा, अत्तराच्या वासाचा.

बाहेर आल्या तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मॉलसमोरच्या तलावाच्या काठी बाकावर बसल्या. राधिकानं भाजलेलं कणीस घेतलं, अर्धं मोडून काकूला दिलं. कलावतीनं ते तसंच हातात धरलं.

“राधू, मी तुले खोटं सांगितलं होतं.”

“हव.”

“शेवट मी पाह्यलाच नव्हता. नळाच्या पायी कोणताच पाह्यला नाही. पण ती येणार नाही हे मले समजलं होतं, तरी मी आणली तिले. अन् तू लेकरू, रोज उंबऱ्यावर बसून रस्ता पाहून राहाची. मीच तुले वाट पाहाले बसवलं. ते मले आजवर...”

“काकू, दाणे खा. थंडे होऊन राहिले.”

“मी काय बोलून राहिली अन् तुले दाण्याचं पडलं!”

राधिकानं चष्मा काढला, साडीच्या टोकानं पुसला. काचेवर आधी हाss करून.

“बाबा नागपूरहून आले तवा त्यांचं डोकं भादरलेलं होतं,” ती म्हणाली. “मी लहान होती काकू, आंधळी नव्हती. आई येत नाही हे मले त्याच दिवशी समजलं. तुझ्या पिच्चरच्या आधीच.”

तलावावरून वारा आला, कणसावरचं लिंबू-तिखट नाकात गेलं.

“मंग मले रोज कायले विचारत होती, आली का, आली का?”

“तू सांगत होती म्हणून. त्या पिच्चरमधल्या पोरीचं नाव दुसरंच होतं, अन् ओवीत तू माझं घालत होती. माझ्यासाठी रोज कोणीतरी एवढं करून राहिलं, काय आणलं ते नवीन नवीन शोधून राहिलं. बोलली असती तर तू बंद केलं असतं. म्हणून नाही बोलली. मंग मोठी झाली, तर बोलाची लाज वाटाले लागली. तिकिटं तर मी त्याच्याचसाठी काढली, तुले शेवटापर्यंत बसवाचं अन् मंग सांगाचं म्हणून.”

“अन् उंबऱ्यावर? तिथं कोणाची वाट पाहत होती?”

राधिका हसली. डोळे भरलेलेच होते. तिनं कलावतीचा हात, कणसासकट, आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“साडेचारचा नळ होता ना, काकू. तू घागर घेऊन त्याच रस्त्यानं येत होती. मी तुझीच वाट पाहत होती.”